विकण्याआधी सहा आठवडे मासा थांबवून ठेवणारे जळगावातील दुकान

जळगाव शहरात खाऱ्या पाण्यातील मासे ठेवणारे एक लहानसे दुकान आहे. खानदेशात राहून घरी रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणाऱ्याला टँग मासा घ्यायचा असेल, तर त्याने मुंबईला फोन लावण्याआधी या दुकानात जाऊन यावे, असे मी अनुभवाने सांगतो. दुकानाचे नाव आणि पत्ता छापू नये, अशी मालकांची विनंती आहे. त्यांच्या मागच्या खोलीत एका वेळी मोजकेच मासे राहतात आणि गर्दी झाली, तर ज्या पद्धतीमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले ती पद्धतच मोडेल, हे त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. शहरातील जुन्या ॲक्वेरियमवाल्यांकडे खाऱ्या पाण्याची चौकशी केली, तर ते आपणहून याच दुकानाचा रस्ता सांगतात.

टँग म्हणजे सर्जनफिश कुळातील मासे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा, चपटे उभे अंग आणि दिवसभर खडकावरचे शेवाळ खुडत फिरण्याची सवय, ही त्यांची ओळख. टाकीतील शेवाळ ते आटोक्यात ठेवतात, प्रवाळांना सहसा त्रास देत नाहीत आणि त्यांच्यासारखा देखणा पोहणारा मासा दुसरा नाही, म्हणून रीफ ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो हवा असतो. मात्र या माशाला पोहायला लांबच लांब जागा लागते, पाण्यात प्राणवायू भरपूर लागतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला इतर माशांच्या तुलनेत फार लवकर धरतो. समुद्रातून पकडलेला मासा व्यापाऱ्यांच्या दोन-तीन टाक्या बदलत, पिशवीत आणि थर्माकोलच्या खोक्यात बंद होऊन मुंबईत येतो आणि तेथून रात्रीच्या गाडीने जळगाव गाठतो. तोवर तो उपाशी, दमलेला आणि बहुधा परजीवी अंगावर घेऊन आलेला असतो. असा मासा त्याच दिवशी ग्राहकाच्या हाती देणे हा सर्वत्र चालणारा व्यवहार आहे. हे दुकान तसे करत नाही, आलेला मासा सहा आठवडे मागच्या खोलीत थांबवून त्यावर उपचार करते, आणि त्याचे मोल मला फार मोठे वाटते.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीलगत काचेच्या उघड्या टाक्या आहेत. त्यांत वाळू नाही, खडक नाही. माशाला लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड एवढेच सामान दिसते. प्रथमदर्शनी हे ओकेबोके वाटते, पण त्यामागे कारण आहे. वाळू आणि चुनखडीचे खडक पाण्यात औषध म्हणून टाकलेले तांबे शोषून घेतात आणि मग औषधाची मात्रा टिकत नाही. प्रत्येक काचेवर चिकटपट्टीने एक कागद लावलेला असतो. त्यावर मासा आल्याची तारीख, त्या दिवशीचे तांब्याचे प्रमाण, खारेपणा, तापमान आणि माशाने काय खाल्ले, याच्या नोंदी निळ्या बॉलपेनने केलेल्या असतात. तांबे मोजण्यासाठी हॅना कंपनीचा छोटा डिजिटल मापक वापरला जातो. रंगाच्या पट्टीवरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे, कारण तांब्याची मात्रा कमी पडली तर रोग जात नाही आणि जास्त झाली तर मासा जातो.

हा काळ सहा आठवड्यांचा का, हे मालक प्रत्येक ग्राहकाला न कंटाळता समजावून सांगतात आणि त्यांचे सांगणे बरोबर आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली काही दिवस राहतो, मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचातून शेकडो नवे जीव बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. औषधाने मरतात ते हे मोकळे पोहणारे जीव. कातडीखालचे आणि कवचातले जीव त्याला दाद देत नाहीत. म्हणून अंगावरचे ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग बरा झाला, असे होत नाही. दुकानात चिलेटेड, म्हणजे संयुगात बांधलेले, तांबे दर दशलक्ष भागांत २ ते २.५ या पातळीवर सलग ३० दिवस ठेवतात आणि नंतरचे दिवस साध्या पाण्यात मासा नुसता पाहतात. घरच्या टाकीत हा उपचार करता येत नाही, कारण तांब्याने प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी सारेच मरतात. एकदा का रोग रीफ टाकीत शिरला, की सगळे मासे बाहेर काढून ती टाकी अडीच महिने माशांविना ठेवण्यावाचून खात्रीचा उपाय उरत नाही. जाणकार त्यासाठी ७६ दिवसांची मुदत सांगतात. हे लक्षात घेतले, म्हणजे विक्रेत्याच्या मागच्या खोलीतील ते सहा आठवडे ग्राहकाचे किती नुकसान वाचवतात ते कळते.

माझ्या घरच्या पाच फुटी टाकीसाठी मी या दुकानाकडे पावडर ब्लू टँगची मागणी नोंदवली होती आणि आगाऊ रक्कमही दिली होती. हा आपल्या हिंदी महासागरातील मासा. निळे अंग, काळा चेहरा, गळ्याखाली पांढरा पट्टा आणि पाठीवर पिवळा पर. दिसायला टँगमध्ये याच्या तोडीचे फार थोडे, पण ठिपक्यांच्या रोगाला सर्वांत लवकर बळी पडणाराही हाच, आणि स्वभावाने भांडकुदळ. मासा न्यायचा दिवस ठरला होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मालकांचा फोन आला. “भाऊ, आज परावर दोन बारीक ठिपके दिसतात. मी पुन्हा पहिल्यापासून धरतो. थांबायचे नसेल तर पैसे घेऊन जा.” मी थांबलो. त्या दोन ठिपक्यांसह मासा माझ्या हाती दिला असता, तर मला ते निळ्या दिव्यात दिसलेही नसते. विकलेला माल स्वतः होऊन अडवून ठेवणारा दुकानदार कोणत्याही धंद्यात विरळाच, आणि ज्या धंद्यात रोजच्या रोज माल मरू शकतो तेथे तर त्याहून विरळा.

मासा देण्याआधी तो ग्राहकासमोर खातो की नाही हे दाखवण्याचा या दुकानाचा नियम आहे. क्लिपला नोरीचा, म्हणजे सुशीसाठी मिळणाऱ्या वाळलेल्या समुद्रशेवाळाचा, बोटभर तुकडा लावून तो काचेला चिकटवतात आणि बाजूला उभे राहतात. माझा मासा आधी पाइपमागून पाहत राहिला, मग आडवा येऊन त्याने एक कोपरा ओढला आणि त्यानंतर मिनिटभरात क्लिपवर फक्त चिकटलेली कड उरली. ग्राहकाने या वेळी माशाची पाठ आणि पोट नीट पाहावे. डोळ्यांच्या वरचा पाठीचा भाग आत गेलेला असेल किंवा पोट खपाटीला लागले असेल, तर मासा खात असला तरी त्याला सावरायला वेळ द्यावा लागतो. श्वासाचा वेगही पाहावा; कल्ले भरभर हलत असतील तर घाई करू नये. काही देशांत आजही मासे सायनाइडची धुंदी देऊन पकडले जातात. असे मासे सुरुवातीला टवटवीत दिसतात, खातातही, आणि काही आठवड्यांनी मरतात. दीर्घकाळ थांबवून ठेवण्याचा हा आणखी एक लाभ.

मासा पकडायला येथे जाळी वापरत नाहीत. शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो, मासा धडपडतो आणि काटा किंवा कातडी फाटते. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात त्याला हळूहळू हाकलून पाण्यासकट उचलतात. मालकांच्या करंगळीवर अशाच काट्याची एक जुनी पांढरी खूण आहे. त्यापेक्षाही मला आवडली ती पाण्याचा मेळ घालण्याची पद्धत. मासा द्यायच्या आठवड्यात ते ग्राहकाच्या टाकीचा खारेपणा विचारतात आणि स्वतःच्या टाकीतील पाणी तेवढ्यावर आणून ठेवतात. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यायची, तापमान जुळले की उघडायची आणि मासा लगेच सोडायचा. प्रवासात माशाच्या श्वासामुळे पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि त्या पीएचवर साचलेला अमोनिया फारसा अपाय करत नाही; पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. भुसावळला किंवा चोपड्याला मासा नेणाऱ्याने पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणे म्हणूनच धोक्याचे आहे. दुकानाच्या पावतीच्या मागे हे सारे मराठीत छापलेले आहे, ही फार चांगली गोष्ट.

टाकी केवढी आहे, हे विचारल्याशिवाय येथे टँग मिळत नाही. चार फुटांपेक्षा लहान टाकी असेल तर मालक सरळ नकार देतात आणि क्लाउनफिश किंवा गोबी सुचवतात. माझ्यासमोर एका गृहस्थांनी मुलासाठी अडीच फुटी टाकीत निळा टँग मागितला, त्यांना रिकाम्या हाताने जावे लागले. या ठामपणाबद्दल आदर आहेच, पण याच बाबतीत माझा दुकानाशी मतभेदही आहे. पॅराकँथुरस हेपॅटस हा निळा टँग ते चार फुटी टाकीसाठी “आता लहान आहे, पुढे मोठी टाकी करा” असे सांगून देतात. हा मासा वाढून ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, सतत पोहतो, आणि पुढे मोठी टाकी होतेच असे नाही. सहा फुटांखाली तो देऊ नये, असे मी मालकांना सांगितले आहे. पिवळा टँग किंवा कोले टँग यांच्यासाठी चार फूट ही किमान मर्यादा ठीक आहे. पावडर ब्लूला पाच-सहा फूट हवेत.

आता खानदेशच्या उन्हाबद्दल, कारण येथील रीफ टाकीचे यशापयश बरेचसे त्यावर ठरते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो, तर टाकीतील पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवे. पाणी तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो, खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो, आणि टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाची गरज तर उष्णतेने वाढलेली असते. दुकान घरी येऊन चिलर बसवून देते आणि ही सेवा मला मासेविक्रीइतकीच मोलाची वाटली. चिलर पाण्यातील उष्णता काढून खोलीत फेकतो. बंद खोलीत तो बसवला तर थोड्या वेळाने तो स्वतःच फेकलेली गरम हवा ओढू लागतो आणि दमतो. त्यामुळे त्यांच्या माणसाने आमच्याकडे चिलर आत न ठेवता मागच्या पडवीत सावलीच्या भिंतीशी ठेवला, पाइप भिंतीतून नेले आणि त्यांवर फोमचे आवरण चढवले.

त्यांनी दिलेला दुसरा सल्ला मुंबईच्या कोणा विक्रेत्याकडून मिळाला नसता. आपल्याकडे एप्रिल-मेमधील हवा कोरडी असते, त्यामुळे संपवर, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीवर, साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरते आणि चिलरवरचा भार कमी होतो. समुद्रकाठच्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही. मात्र त्यासाठी दोन पथ्ये आहेत. पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून खारेपणा रोज चढतो. तो रोखायला शुद्ध पाणी आपोआप भरणारी यंत्रणा हवी. आणि त्याच खोलीत वाळ्याच्या पडद्याचा मोठा कूलर लावला, तर हवा ओली होऊन पंख्याचा उपयोग संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडेही हवा दमट होते, तेव्हा पंखा बंद करून चिलरवरच विसंबावे लागते. वीज गेल्यावर आधी जीव धोक्यात येतो तो टँगचा, म्हणून निदान एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी खेळते ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप हाताशी असल्याखेरीज हे दुकान टँग देत नाही. शेतीपट्ट्यातील गावांत भारनियमन किती तास चालते, हे ठाऊक असलेल्या माणसाने घातलेली ही अट आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. बोअरचे पाणी आपल्याकडे जड आहे, घरातील पिण्याचा आरओ पुरत नाही. त्याला उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावे लागते. दुकान रोज असे पाणी कॅनमधून विकते आणि ग्राहकासमोर मीटर बुडवून दाखवते. मिसळलेले खारे पाणीही मिळते, विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने खारेपणा १.०२५. किराणा दुकानातील मीठ चालेल का, असा प्रश्न तेथे सतत येतो. त्यात समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात नसतात, म्हणून ते चालत नाही.

खाद्याच्या बाबतीत दुकानाने मला खरोखर चकित केले. वरच्या माळ्यावर एका मोठ्या टबात, एलईडी दिव्याखाली, ते ग्रासिलेरिया हे तांबूस समुद्रशेवाळ वाढवतात आणि मूठमूठ विकतात. ओले, कुरकुरीत शेवाळ टँग नोरीपेक्षाही आवडीने खातात. निसर्गात हे मासे दिवसभर चरतात, त्यामुळे त्यांना सकाळी एकदाच पोटभर देण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे द्यावे. पालक किंवा लेट्यूस देऊन भागवू नये, त्यात समुद्रशेवाळाचे पोषण नाही. नोरी घेताना मीठ-मसाला-तेल लावलेली नसल्याची खात्री करावी. डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर खड्डे पडण्याचा विकार टँगमध्ये वरचेवर दिसतो. निकृष्ट आहाराशी आणि पाणी गाळायला वापरल्या जाणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या भुकटीशी त्याचा संबंध जोडला जातो. दुकानात असा एक सेलफिन टँग होता. त्याच्या डोळ्यांभोवतीचे खड्डे मालकांनी आपणहून दाखवले आणि तो विकायला नाही असे सांगून ठेवले.

भाव मुंबईपेक्षा बराच चढा आहे. माझ्या मागणीच्या वेळी साधारण दीडपट होता. सहा आठवड्यांचे खाणे, औषध, वीज आणि मध्येच मेलेल्या माशांचा तोटा त्यात असतो, त्यामुळे मला तो महाग वाटत नाही. पिवळ्या टँगचा भाव मात्र कोणालाही दचकवणारा आहे. तो मासा मुख्यतः हवाई बेटांतून जगभर जात असे. तेथे २०१७ आणि २०२१ च्या न्यायालयीन निर्णयांनंतर मत्स्यालयांसाठीची पकड जवळपास थांबली. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली हा मासा बंदिवासात वाढवून दाखवला, पुढच्याच वर्षी फ्लोरिडात निळा टँगही वाढवला गेला, आणि आता बंदिवासात वाढलेले पिवळे टँग विकले जातात. ते परवडत असतील तर समुद्रातून ओढलेल्या माशापेक्षा तेच घ्यावेत. दुकान मागणीनुसार ते मागवते.

प्रवाळांबाबत दुकानाची भूमिका स्वच्छ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक घडवणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला. आपल्या किनाऱ्यावरून काढलेले असे प्रवाळ किंवा त्यांचे खडक विकणे हा गुन्हा आहे. येथे सिरॅमिकचे खडक मिळतात, त्यांवर जीवाणूंची वाढ व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि सोबत झोअँथिड व मशरूम हे कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ मिळतात. टँगला प्रवाळ जातीचे काही देणेघेणे नसते. त्याला खडकांत शिरायला बोगदे आणि समोर मोकळे पाणी हवे असते.

काही तक्रारी नोंदवल्याच पाहिजेत. दर्शनी टाक्यांवरचा दिवा इतका निळा आहे की माशाचा खरा रंग आणि अंगावरचे बारीक ठिपके, दोन्ही लपतात. पांढरा दिवा लावायला सांगावे, ते लगेच लावतात, पण सांगावे लागते. बिलावर नुसते “टँग” लिहिलेले असते. जात, आणि मासा कोणत्या समुद्रातून आला याची नोंद त्यावर नसते, आणि जे दुकान तांब्याची रोजची नोंद ठेवते त्याला हे जमू नये असे नाही. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम तपासण्याचे त्यांचे थेंबांचे किट मुदत संपलेले आढळले. मी दाखवून दिल्यावर नवे आले. घरपोच सेवा जळगाव आणि भुसावळपुरतीच आहे, धुळे आणि नंदुरबारच्या ग्राहकांना स्वतः यावे लागते आणि चिलरची दुरुस्तीही परस्पर करून घ्यावी लागते. हे मला सर्वांत मोठे उणेपण वाटते, कारण चिलर बिघडतो तो नेमका मे महिन्यात.

नवा टँग जुन्या टँगच्या टाकीत सोडायचा असेल, तर दुकानाकडून छिद्रांचा पारदर्शक डबा अनामत रकमेवर मिळतो. त्यात नवा मासा काही दिवस ठेवला की जुन्याला त्याची सवय होते आणि काट्यांची लढाई बऱ्याच अंशी टळते. सारख्या आकाराचे दोन टँग एकत्र ठेवणे तरीही टाळावे, आणि पावडर ब्लू तर सर्वांत शेवटी सोडावा. मागणी नोंदवायला दिवाळीनंतरचा काळ उत्तम. तेव्हा प्रवासात मासा तापत नाही, सहा आठवडे धरले तरी तो थंडी सरण्याआधी घरी येतो आणि उन्हाळा लागेपर्यंत त्याला खाऊन सावरायला दोन-तीन महिने मिळतात. मार्चनंतर मालक नवीन टँग मागवत नाहीत, त्यामुळे त्या वेळी गेलात तर मागच्या खोलीत आधीपासून असलेल्यांतूनच निवडावे लागेल.